मथळ्यांची उतरंड

अभ्यासक्रमाचे पाठ विद्यार्थ्यांसाठी ऑनलाइन ठेवण्यापूर्वी त्यांचा मजकूर तपासून देण्याचे काम मी करीत असतो, आणि त्यात भाषेच्या अशुद्धीहूनही मला अधिक क्लेश देतो तो खोटा मथळा, म्हणजे केवळ ठळक व मोठ्या अक्षरांत टंकलेली ओळ. डोळस वाचक तिच्यावरून नवा विषय आरंभल्याचे तत्काळ ताडतो. परंतु स्क्रीन रीडरच्या साहाय्याने ऐकून शिकणाऱ्या अंध विद्यार्थ्यास अक्षरांचा थाट सहसा कळत नाही, आणि लेखकाने ती ओळ शैलींच्या यादीतून ‘हेडिंग’ म्हणून मुक्रर केलेली नसल्यास ती इतर मजकुराच्या ओघात सामान्य वाक्यासारखी कानांवरून निघून जाते.

ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या अंध तरुणाने 2006 साली जिचा आरंभ केला, त्या एनव्हीडीए या विनामूल्य स्क्रीन रीडर प्रणालीत ‘एच’ ही कळ दाबताच वाचक पुढील मथळ्यावर जातो, शिफ्टसह ती दाबल्यास मागील मथळ्यावर येतो, आणि 1 ते 6 या अंकांनी त्या त्या पातळीचा मथळा गाठतो. हिशेबशास्त्राच्या प्रदीर्घ पाठातील घसाऱ्याची ऱ्हासमान शेष पद्धती परीक्षेपूर्वी पुन्हा ऐकू इच्छिणाऱ्यास ही तजवीज केवढी मोलाची आहे! मथळेच नसतील तर त्या बिचाऱ्याने सारा पाठ ओळीओळीने ऐकत जायचे काय?

मथळ्यांच्या पातळ्या उतरंडीसारख्या क्रमाने लागाव्या लागतात. ‘घसारा’ दुसऱ्या पातळीवर असेल तर ‘स्थिर हप्ता पद्धती’ तिसऱ्या पातळीवरच आली पाहिजे. चौथीचा आकार डोळ्यांस बरा दिसतो म्हणून ती निवडली, तर मधला एखादा भाग आपल्याकडून निसटला की काय, अशा संभ्रमात ऐकणारा पडतो. आकार बदलायचा तर शैलीतच फेरफार करावा. शिवाय ‘भाग दोन’ अशा मोघम मथळ्यातून आत काय आहे याचा काहीच बोध होत नाही.

मराठीत आणखी एक अडचण आहे. जुन्या छपाईच्या फॉन्टांत टंकलेला मथळा, पातळी बिनचूक असली तरी, रोमन अक्षरांची निरर्थक जंत्री म्हणून ऐकू येतो. म्हणून युनिकोड हा माझा पहिला आग्रह असतो. या साऱ्यास मी उपकार मानीत नाही. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा आपल्याकडे 2016 साली झाला असून, शिक्षण हा त्यांतील एक हक्क आहे.

अध्यापकांना माझी विनंती एवढीच की, वर्डमध्ये पाठ लिहितानाच कंट्रोल, ऑल्ट आणि 1, 2 किंवा 3 या कळांनी मथळे नेमावेत, आणि पीडीएफ करताना ‘प्रिंट’ऐवजी ‘सेव्ह ॲज’चा मार्ग धरावा, कारण छपाईच्या मार्गाने गेलेल्या दस्तऐवजातून मथळ्यांच्या खुणा बहुधा गळून पडतात.