सव्वादोन की पावणेदोन?

माझी भाची सातवीत आहे. परवा तिच्या वहीत एका गणितावर भलीमोठी लाल फुली दिसली. गणित होतं, −२ १/४ चा अंशाधिक अपूर्णांक करा. नियम तिला पाठ होता : पूर्णांकाला छेदानं गुणा, त्यात अंश मिळवा. उणे दोन चोक उणे आठ, त्यात एक मिळवला, उणे सात. उत्तर −७/४. "मावशी, नियम तर हाच आहे ना गं?" म्हणताना रडवेली झाली होती.

मुलांनो, तुम्हीच सांगा, चुकलं कुठे?

माझी आजी असती, तर तिनं चटकन सांगितलं असतं. शाळा दुसरीपर्यंतच, पण पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी सगळं तोंडपाठ! बाराची दिडकी? अठरा. सोळाची अडीचकी? चाळीस. (आणि आपण कॅलक्युलेटर शोधत बसतो.) तिच्या दारात दोन म्हशी होत्या. दुधाच्या पैशांतून माझ्या आईची फी भरली जायची, त्यामुळे पाव लिटर बुडालेलंही चालत नसे. एका गिऱ्हाइकाकडे सव्वादोन लिटरचे पैसे राहिले होते. त्यानं गोलमाल हिशेब करून पावणेदोनचेच पुढे केले. आजी म्हणाली, "अहो, दोन लिटर तुमच्या अंगावर, तसं वरचं पाव लिटरही तुमच्याच अंगावर! माझ्याकडून कसं वजा करता?"

भाचीच्या गणितात हेच झालं होतं. −२ १/४ मध्ये उणे चिन्ह दोनलाही आहे आणि पावलाही. तिनं दोन उणे धरले, पाव मात्र अधिक.

म्हणून आधी चिन्ह बाजूला ठेवायचं. संख्या शून्यापासून किती लांब आहे तेवढंच बघायचं. वरच्या वर्गात यालाच केवल मूल्य म्हणतात. इथे ते २ १/४. आता पाव लिटरची मापं मोजा. दोन लिटरची आठ, वरचं एक, झाली नऊ. म्हणजे ९/४. मग चिन्ह परत लावा, −९/४. नऊ पाव आणि सात पाव यांत फरक दोन पावांचा, म्हणजे चक्क अर्ध्या लिटरचा!

साडेतीनला जुन्या पाढ्यांत 'औट' म्हणत. आता उणे औटचा अंशाधिक अपूर्णांक करून बघा. उत्तर −५/२ आलं, तर औटकीऐवजी कुठला पाढा म्हटलात, तेही ओळखा.