'टू' लिहिलं म्हणून

एका गुणाने माझ्या विद्यार्थिनीची जागा गेली, आणि ज्या प्रश्नावर तो गुण गेला त्याचं तिने लिहिलेलं उत्तर बरोबर होतं. हे मला आजही पचलेलं नाही.

दहावीनंतरच्या एका प्रवेश परीक्षेतली ही गोष्ट. संस्थेचं नाव सांगत नाही. शिक्षण आणि वसतिगृह दोन्ही फुकट, आणि आमच्या तालुक्यातलं पोर तिथे लागलं की घरचे पेढे वाटतात, एवढं पुरे. इंग्रजीच्या पेपरात गाळलेल्या जागा होत्या, पर्याय दिलेले नव्हते. एक वाक्य होतं, 'माय व्हिलेज इज डिफरंट ... युअर्स.' पोरीने 'टू' लिहिलं. उत्तरसूचीत 'फ्रॉम' होतं. शून्य.

मराठी माध्यमाची मुलगी, वडील ऊसतोड मुकादमाकडे हिशेब लिहितात. कोरोनाच्या काळात शाळा बंद असताना घरातल्या एकुलत्या एका मोबाईलवर ती बीबीसीचा 'सिक्स मिनिट इंग्लिश' ऐकायची. पुढे ती सवयच लागली. कार्यक्रमातली माणसं बोलतात तसं मागोमाग बोलायची आणि वहीत लिहून ठेवायची. 'डिफरंट टू' तिने तिथलंच उचललं होतं. ब्रिटनमध्ये लोक सर्रास तसंच बोलतात.

फी भरून आम्ही उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागवली. लाल रेघ पाहिल्यावर मी तिला म्हटलं, "अगं, हे चूक नाही." ती म्हणाली, "बाई, पण सूचीत नाही ना." तिच्या आवाजात तक्रारसुद्धा नव्हती. मग मीच हरकतीचा अर्ज लिहिला, शाळेतली ऑक्सफर्डची ॲडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी पिशवीत घातली आणि तिला आणि तिच्या वडिलांना घेऊन जिल्ह्याच्या गावी गेले.

टेबलामागचे साहेब सभ्य होते. त्यांनी अर्ज वाचला, आम्हाला बसायला सांगितलं, पाणी मागवलं. मग म्हणाले, "बाई, एका मुलीसाठी सूची बदलली तर सगळे पेपर पुन्हा तपासावे लागतील." मी म्हटलं, "मग तपासा ना, साहेब. आणखी कुणी 'टू' लिहिलं असेल तर त्यालाही गुण मिळू दे." ते हसले नाहीत, चिडलेही नाहीत. त्यांनी विषयतज्ज्ञांना बोलावलं.

तज्ज्ञ आले. मी डिक्शनरी उघडून त्यांच्यापुढे ठेवली. 'डिफरंट'च्या नोंदीत स्पष्ट लिहिलंय की 'फ्रॉम' सर्वांत जास्त चालतं, ब्रिटिश इंग्रजीत 'टू'सुद्धा वापरतात आणि अमेरिकेत 'दॅन'. त्यांनी 'सर्वांत जास्त' या शब्दांवर बोट ठेवलं. "बघा, तुमचंच पुस्तक आमच्या बाजूने आहे." मी त्याच ओळीच्या पुढच्या अर्ध्यावर बोट ठेवलं. सर्वांत जास्त चालणारं म्हणजे एकमेव बरोबर, असा अर्थ कुठून निघाला? त्यांनी पान मिटलं नाही, पण पुढचं वाचलंही नाही. म्हणाले, "आपल्याकडे 'फ्रॉम'च शिकवतात."

आपल्याकडे! जिथे पोरांना इंग्रजी शिका, जगात कुठेही जाल, असं सांगून आम्ही पहिलीपासून तो विषय लावला, तिथे जगातलं इंग्रजी ऐकून आलेल्या पोरीला 'आपल्याकडे' ऐकवायचं. तिचे वडील आळीपाळीने आमच्या तोंडाकडे बघत होते. दोन अक्षरांच्या शब्दावर एवढी माणसं का बोलताहेत हे त्यांना कळत नव्हतं, पण पोरीचं काहीतरी तिथे अडलंय हे कळत होतं. शेवटी तेच म्हणाले, "बाई, राहू द्या." मी राहू दिलं नसतं. पण अर्जावर 'सूचीत बदल नाही' असा शेरा तिथल्या तिथे पडला, सही झाली, शिक्का बसला.

हेन्री फाउलरने १९२६ साली इंग्रजीच्या वापरावर जो ग्रंथ लिहिला, त्यात 'डिफरंट'नंतर फक्त 'फ्रॉम'च येतं या समजुतीला त्याने अंधश्रद्धा ठरवलं आहे. जवळपास शंभर वर्षं झाली. शब्दयोगी अव्ययांच्या बाबतीत अशा अंधश्रद्धा इंग्रजीत जुन्याच आहेत. वाक्याच्या शेवटी प्रिपोझिशन येऊ नये, हा आक्षेप कवी ड्रायडनने १६७२ साली बेन जॉन्सनच्या लेखनावर घेतला. पुढे त्याने स्वतःच्या जुन्या गद्यातली तशी वाक्यंही बदलली. इंग्रज लोक मात्र तेव्हाही बोलताना ती शेवटी ठेवत होते आणि आजही ठेवतात.

प्रिपोझिशन्स हा इंग्रजीतला सगळ्यांत निसरडा भाग आहे, आणि मराठी मूल त्यात का घसरतं हे तपासणाऱ्याला ठाऊक असलं पाहिजे. आपल्याकडे हे काम नामाच्या मागे लागून होतं, प्रत्ययाने किंवा शब्दयोगीने. '२०१९पासून' आणि 'तीन वर्षांपासून', दोन्हीकडे आपला एकच 'पासून'. इंग्रजीत पहिल्याला 'सिन्स' लागतं, दुसऱ्याला 'फॉर'. म्हणून मूल 'सिन्स थ्री इयर्स' लिहितं. आई माझ्यावर रागावली, म्हणून 'अँग्री ऑन मी'. त्याच्याशी लग्न झालं, म्हणून 'मॅरीड विथ हिम'. विषयावर चर्चा केली, म्हणून 'डिस्कस ऑन', खरं तर तिथे काहीच लागत नाही. झाडाचं उदाहरण तर मी दरवर्षी देते. आपला पक्षी झाडावर बसतो, इंग्रजीतला झाडाच्या आत, 'इन द ट्री'. आणि आंबे आपल्याकडे झाडाला लागतात, इंग्रजीत ते झाडावर, 'ऑन द ट्री'. मुलांना हे फार आवडतं. पक्षी पानांच्या आड, फांद्यांच्या मधे असतो, हे त्यांना लगेच दिसतं.

या चुका खऱ्या आहेत. त्यांवर लाल रेघ मारावी, मीही मारते. पण माझ्या मुलीचं 'टू' या रांगेतलं नव्हतं. ते मराठीतून आलंच नव्हतं. इंग्रजी बोलणाऱ्या माणसाच्या तोंडून ते थेट तिच्या कानात आलं होतं, आणि भाषा शिकण्याचा याहून चांगला रस्ता मला माहीत नाही. रेन आणि मार्टिनच्या व्याकरणात कोणत्या शब्दापुढे कोणतं प्रिपोझिशन याची लांबलचक यादी आहे. आमच्या कित्येक पिढ्यांनी ती पाठ केली आणि तरी बोलताना अडखळल्या. याद्या बंद करा, पोरांना ऐकू द्या, असं मी शिक्षकांच्या प्रत्येक बैठकीत सांगते.

आणि तरीही यंदा माझ्या वर्गात फळ्यावर यादी आहे. 'अफ्रेड ऑफ', 'गुड ॲट', 'डिपेंड ऑन'. ज्या घरात मोबाईल नाही, असला तरी नेटचा पॅक मारायला पैसे नाहीत, तिथलं मूल इंग्रजी ऐकणार कुठून? त्याला ती यादीच आधार आहे. मग मी बैठकीत मांडते ते खोटं का? तसं मला वाटत नाही, पण दोन्ही एकत्र कसं बसवायचं तेही मला साधलेलं नाही. त्याच यादीत 'डिफरंट फ्रॉम'ही आहे, मी स्वतःच्या हाताने लिहिलेलं, शेजारी कंसात 'टू' घालून. "परीक्षेत काय लिहायचं?" असं पोरं विचारतात तेव्हा मी 'फ्रॉम' सांगते, आणि सांगताना माझा राग पुन्हा वर येतो.

ती मुलगी आता तालुक्याच्या कॉलेजात वाणिज्य शाखेला आहे. येण्याजाण्यात रोज एसटीचे तीन तास जातात. त्या संस्थेतल्या वसतिगृहात हे तीन तास अभ्यासाला मिळाले असते. मी पुन्हा लेखी विचारलं आहे, या वेळी एवढंच, की ज्या जागेत दोन उत्तरं बसतात ती जागा प्रश्नपत्रिकेत गाळायचीच कशाला. एकच उत्तर असलेल्या जागा शेकड्यांनी आहेत. प्रश्न काढणाऱ्याने सूची लिहिण्याआधी शब्दकोशाची ती नोंद शेवटपर्यंत वाचायची, एवढंच काम आहे.