तांब्याची साक्ष

रायफलची काडतुसे घरी पुन्हा भरणाऱ्या अमेरिकी नेमबाजांच्या जुन्या पुस्तिका मी दप्तरातल्या कागदाइतक्याच संशयाने वाचतो. त्यांतला दाबाचा आकडा छापील खरा. पण मोजला कोणी? तांब्याने. १८६०च्या दशकात अँड्र्यू नोबल यांनी रूढ केलेल्या पद्धतीत नळीतील दाब तांब्याची लहानशी कांडी चेपतो आणि ती किती चेपली त्यावरून आकडा ठरतो. दाब मात्र क्षणार्धात ओसरतो. तांब्याला पुरते चेपायला सवडच मिळत नाही! म्हणून .३०-०६ काडतुसाची कमाल मर्यादा तांब्याच्या मापाने ५०,०००, तर स्फटिकाच्या विद्युत्मापकाने ६०,००० पौंड प्रति चौरस इंच. जुन्या तक्त्यांत तांब्याचाच आकडा बेधडक पौंडांत छापलेला आढळतो. तो वाचून दारू तोलणाऱ्याचा डोळा बोल्टपासून वीतभर अंतरावर असे.