पाच मिनिटांचे उमेदवार

गवयाचा रियाज घरातल्या भिंती ऐकतात. लेखकाची खाडाखोड रद्दीत जाते. विनोद करू पाहणाऱ्या पोराला मात्र ही सोय नाही. त्याचा रियाजच मुळी चारचौघांत. समोर कोणी हसणारंच नसेल, तर विनोद जमला की फसला हे त्याला कळायचं कसं? आरशापुढे सगळेच विनोद जमतात.

म्हणून मला ओपन माइकला मागच्या खुर्चीत जाऊन बसायला आवडतं. नावाजलेल्यांची तिकिटं महाग असतात हे एक, आणि तिथे लोक हसायचं ठरवूनच आलेले असतात हे दुसरं. इथे काहीच ठरलेलं नसतं. कॅफेचा माडीवरचा हॉल, प्लास्टिकच्या खुर्च्या, ऐन पंचच्या वेळी घरघरणारं कॉफीचं मशीन. प्रत्येकाला चार-पाच मिनिटं. वेळ संपत आली की मागून कोणीतरी मोबाइलचा टॉर्च दाखवतो. तो उजेड डोळ्यांवर आला की भलाभला पोरगा उरलेले तीन विनोद एका दमात उरकून टाकतो.

आणि समोर बसलेले कोण? बरेचसे उमेदवारच. आपला नंबर कधी लागतो या काळजीत मोबाइलमधला मजकूर घोकणारे. दुसऱ्याच्या विनोदाला हसणं त्यांना परवडत नाही. एखादा फारच आवडला तर मान डोलावतात, शेजाऱ्याला "भारी लिहिलंय" म्हणतात. हसायचं तेवढं राहून जातं. यांना हसवू शकला तो जगात कुणालाही हसवेल, असं मला वाटतं. पण यांना हसवणारा मी क्वचितच पाहिला आहे.

जॉनी लिव्हरचं नशीब या बाबतीत चांगलं. हिंदुस्थान लिव्हरच्या कारखान्यात काम करताना त्याने कामगारांच्या कार्यक्रमात साहेबलोकांच्या नकला केल्या, आणि तिथल्या लोकांनीच त्याला हे नाव देऊन टाकलं. त्या साहेबांची बोलण्याचालण्याची ढब समोरच्या प्रत्येकाने रोज सोसलेली; त्याने नुसती मान वळवली तरी पुरे. राम नगरकरांकडेही आधी सेवादलाच्या कलापथकाची माणसं होती, 'विच्छा माझी पुरी करा' होतं. 'रामनगरी'चे एकपात्री प्रयोग त्यानंतरचे. आजचा उमेदवार विरारहून नाहीतर बदलापूरहून खारला येतो आणि त्याला ओळखणारं तिथे कोणी नसतं. आपली आई कशी आहे हे त्याला आधी सांगावं लागतं, मग तिच्यावरून हसवावं लागतं. पाचातली दोन मिनिटं त्यातच जातात. त्यात मराठीत बोलायचं की हिंदीत, हा घोळ वेगळाच. आईचं वाक्य हिंदीत केलं की ती कुणाची तरी भलतीच आई वाटते, आणि मराठीत ठेवलं तर अर्धा हॉल मख्ख.

बरं, जागा तरी टिकाव्यात! मार्च २०२५मध्ये विनोदवीर कुणाल कामराच्या एका कार्यक्रमावरून खारच्या 'हॅबिटॅट' या कॉमेडी क्लबची मोडतोड झाली आणि ती जागा बंद करावी लागली. ज्याचं नाव झालं आहे, त्याला यूट्यूब तरी असतं. पण 'हॅबिटॅट'मध्ये स्पॉट मिळावा म्हणून आठवडेच्या आठवडे फॉर्म भरणाऱ्या पोरापोरींनी कुठे जायचं? या पोरांचा विनोद अजून कुणाच्या भावना दुखावण्याइतका चांगलासुद्धा झालेला नसतो.

परवा असाच एक जण उभा राहिला. डेटिंग ॲपवरचे विनोद होते, पाठ केलेले, एकामागून एक आपटत गेले. घसा कोरडा पडला म्हणून त्याने पहिल्या रांगेतल्या एका काकांकडे पाणी मागितलं. काकांनी संकोचून बाटली मागे घेतली. "उष्टं आहे रे."

"चालेल काका, मला घरी पण दादाचंच मिळतं."

हॉल फुटला. मोबाइल घोकणारेसुद्धा हसले. तो बावरला, त्याने घाईघाईने डेटिंग ॲप पुन्हा सुरू केलं आणि हॉल परत थंड पडला.

नंतर खाली टपरीवर एक मुरलेला गडी त्याला समजावत होता, "भावा, ती उष्ट्याची लाइन ठेव. बाकी सगळं फेकून दे."

"अरे, पण तो जोक नव्हता! मी खरंच सगळं दादाचंच वापरतो. हा शर्टपण त्याचाच आहे."

"मग शर्टपण ठेव."