दिवाळीपर्यंत चवथी

दिवाळीचे दिवे विझतात न विझतात तोंच बीड जिल्ह्यांतील आष्टी, पाटोदा, धारूर या बाजूचीं कुटुंबेंच्या कुटुंबें घराला कुलूप लावून आमच्या कोल्हापुराकडील साखर कारखान्यांची वाट धरतात. मुकादमाकडून घेतलेली उचल नवरा-बायकोच्या जोडीनें, म्हणजे त्या धंद्याच्या भाषेंत एका ‘कोयत्या’नें, हंगामभर ऊस तोडून फेडावयाची असते. संसाराबरोबर मुलें येणें ओघानेंच आलें.

गांवाबाहेरच्या कोप्यांवरून सकाळीं फिरावयास जाण्याचा आमचा परिपाठ आहे. गेल्या माघांत अशाच एका कोपीपुढें, तान्ह्या भावाला मांडीवर घेऊन चूल फुंकीत बसलेली एक मुलगी दिसली. आईबाप पहांटेच फडावर गेलेले. ‘कितवींत आहेस, बाळ?’ असें आम्हीं सहज विचारलें. ती म्हणाली, ‘दिवाळीपत्तुर चवथींत व्हते.’ त्या उत्तरांत तक्रार मुळींच नव्हती. म्हणूनच तें आमच्या मनांतून जाईना.

आम्ही तीस वर्षें वर्गांत हजेरी घेत आलों. परंतु ज्याचें नांव एका गांवीं आणि देह दुसऱ्या गांवीं, त्याची हजेरी कोणीं घ्यावी? शाळा स्थावर आणि मूल जंगम, हा खरा पेच होय. शाळेचें वर्ष जूनमध्यें सुरू होतें, तर गळिताचें दसऱ्या-दिवाळीच्या सुमारास. या दोन पंचांगांच्या सांध्यांत मुलाचें अर्धें वर्ष गडप होतें.

कायद्याचा दोष म्हणावा, तर तसेंही नाहीं. गोपाळराव गोखल्यांनीं सक्तीच्या शिक्षणाचें विधेयक मांडलें तें १९११ सालीं. आमच्या करवीर संस्थानांत शाहू महाराजांनीं तें तत्त्व १९१७ सालीं अमलांतही आणलें. १ एप्रिल २०१० पासून तर सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शिक्षणाचा हक्क आहे. दाखला येण्यास उशीर झाला, या सबबीवर शाळेला प्रवेश नाकारतां येत नाहीं. साखरशाळा निघाल्या, गांवीं मागें राहणाऱ्यांसाठीं हंगामी वसतिगृहें निघालीं, परगांवीं दाखवावयास ‘शिक्षण हमी पत्रक’ही निघालें. तथापि मांडीवरच्या भावाला सांभाळणारें दुसरें कोणी नसेल, तर पत्रक हातीं असून ताईचें पाऊल कोपीबाहेर कसें पडावें? तिच्या शाळेचा प्रश्न पाळणाघरापासून सुरू होतो, हें आम्हां शिकलेल्यांच्या ध्यानांत येत नाहीं.

उसाची गाडी कारखान्यावर आली कीं ती कांट्यावर चढते, वजन होतें, पावती फाटते. तें काम कोणाचें, असा वाद तेथें होत नाहीं. त्यासाठीं माणूस नेमलेला असतो. तसाच एखादा माणूस हंगामाच्या पहिल्याच आठवड्यांत कोप्यांवर जाऊन मुलें मोजील, धाकट्यांस पाळणाघरांत आणि थोरल्यांस जवळच्या शाळेंत पोंचवील, तर फार खर्चाचें काम नव्हे. वाचकहो, उसाचा हिशेब आपण किलोपर्यंत ठेवतों. ज्यांच्या आईबापांच्या हातून ती साखर आपल्या चहांत येते, त्या मुलांची निदान मोजदाद तरी व्हावी.