दुधावांचून दहीं

ब्राह्मणाच्या घरांत मांसाहाराचा प्रश्न सहसा निघत नाहीं, आणि निघालाच तर आपण त्याच्या पलीकडे केव्हांच पोंचलों आहों अशा थाटांत आपण त्याजकडे पाहतों. आमचीहि समजूत अशीच होती. आम्ही अहिंसक, आमचें ताट सात्त्विक, आणि त्या ताटांतील वरणावरचें तूप, वाटींतली कढी, सणाचें श्रीखंड ही तर गोमातेनें प्रसन्न चित्तानें दिलेली देणगी, असें आम्ही जन्मभर मानीत आलों. २०२२ सालच्या दिवाळींत आमच्या कन्येनें या समजुतीस पहिला धक्का दिला.

कन्या बंगळूरला नोकरी करते. त्या वर्षीं ती घरीं आली ती दूधदुभतें सोडूनच. पहिल्याच दिवशीं भातावर तूप वाढणाऱ्या आईचा हात तिनें हळूच धरला आणि "आई, मला नको," एवढेंच ती म्हणाली. हें बारीक होण्याचें खूळ असावें असें वाटून आम्हीं तिकडे दुर्लक्ष केलें. परंतु चहा कोरा, ताक नाहीं, अनारसे तुपांतले म्हणून नाहींत, चकली व चिवडा तेवढा चालतो, असें दोन दिवस झालें, तेव्हां आम्हीं कारण विचारलें. जनावरापासून मिळणारें कांहींहि खावयाचें नाहीं असा नेम तिनें केला होता. अशा माणसास 'व्हीगन' म्हणतात आणि हा शब्द १९४४ सालीं इंग्लंडांत डोनाल्ड वॉटसन व त्याच्या सोबत्यांनीं प्रचारांत आणला, हेंहि तिनें सांगितलें.

"म्हणजे आपले पूर्वज मूर्ख, आणि १९४४ सालचा इंग्रज तेवढा शहाणा!" आम्ही म्हणालों.

"बाबा, गाय दूध देते तें वासरासाठीं," ती शांतपणें म्हणाली. "तें वासरूं गोऱ्हा निघालें तर पुढें त्याचें काय होतें, हें तुम्हीं कधीं विचारलें आहे का?"

आम्हीं विचारलें नव्हतें. उत्तर नसलें म्हणजे माणूस आवाज चढवितो. आम्हीं तेंच केलें. तिच्या आईच्या डोळ्यांत पाणी आलेलें आम्हांस दिसलें, तरी जीभ थांबली नाहीं. कन्या भाऊबीज उरकून ठरल्यापेक्षां दोन दिवस आधींच परत गेली. २०२३ सालच्या दिवाळीस 'रजा मिळत नाहीं' असें तिनें कळविलें. रजेची सबब खरी नव्हे, हें आम्हां दोघांनाहि कळत होतें. फक्त तें कोणी बोलून दाखविलें नाहीं.

त्या रिकाम्या दिवाळींत तिचा प्रश्न आमच्या मनांत पुन्हां पुन्हां येऊं लागला. पूर्वीं गोऱ्हा मोठा होऊन नांगराला किंवा गाडीला जुंपला जाई. आतां शेतांत ट्रॅक्टर आला, आणि बैलाची गरज पुष्कळ ठिकाणीं उरली नाहीं. म्हशीच्या रेडकूला तर पूर्वींहि फारसें काम नव्हतें. आपला देश दुधाच्या उत्पादनांत जगांत पहिला आहे, आणि म्हशीच्या मांसाच्या निर्यातींतहि पहिल्या कांहीं देशांत त्याची गणना होते. हीं दोन वाक्यें आम्हीं पूर्वीं वेगवेगळ्या दिवशीं वाचलीं होतीं. तीं शेजारीं शेजारीं कधीं ठेवलीं नव्हतीं.

मग आठवण झाली ती गांधीजींची. गाईम्हशींच्या हालांची वर्णनें वाचून त्यांचेंहि मन दुधावरून उडालें होतें, आणि १९१२ सालीं दक्षिण आफ्रिकेंत त्यांनीं दूध सोडलें. १९१९ च्या आरंभीं मुंबईंत दुखण्यानें खंगले असतां डॉक्टरांनीं दुधाचा आग्रह धरला, तेव्हां शेळीच्या दुधाचा तोडगा कस्तुरबांनीं सुचविला. तो त्यांनीं घेतला खरा, पण त्याची खंत आत्मकथेंत लिहून ठेवली. एवढ्या निश्चयी पुरुषासहि जें जड गेलें, तें करूं पाहणाऱ्या मुलीची आम्हीं थट्टा केली होती.

आमच्या सौभाग्यवतींनीं या बाबतींत तत्त्वचर्चा केली नाहीं. "ती येईल तेव्हां पोटभर जेवली पाहिजे," एवढें म्हणून त्यांनीं पदर खोंचला. पहिला प्रयोग सोयाबीनचा. भिजवून, वाटून, गाळून दूध निघालें, पण त्याचा उग्र वास दुसऱ्या खोलींत आला. दाणा थंड पाण्यांत वाटला कीं त्यांतील एका विकराची तेलाशीं गांठ पडून हा वास उत्पन्न होतो, व उकळत्या पाण्यांत वाटल्यास तो पुष्कळ कमी होतो, हें मागाहून समजलें. तसें करून दूध बरें झालें, तरी दहीं मनासारखें होईना.

दुसरा प्रयोग शेंगदाण्यांचा. एक वाटी दाणे रात्रभर भिजवावे, सालें काढावीं, तीन वाट्या पाण्यांत बारीक वाटून फडक्यांतून गाळावे, आणि तें दूध मंद आंचेवर ढवळीत उकळून कोमट होऊं द्यावें. सालें काढण्याचें काम आमच्याकडे आलें. विरजण म्हणून सौभाग्यवतींनीं संवयीनें घरचें दहीं घेतलें, आणि चमचा बुडविणार तोंच त्या थबकल्या. "अहो, हें तर दुधाचें! मग तिला कसें चालेल?" तेव्हां हिरव्या मिरच्यांचे पांचसहा देंठ त्यांत टाकून भांडें झांकून ठेविलें, देंठांवरचे सूक्ष्म जंतू विरजणाचें काम करतात. पहिलें दहीं सैल झालें. त्याचेंच विरजण घेऊन लावलेलें दुसरें मात्र कवडी पडावी असें लागलें. नुसतें खाल्लें तर दाण्याचा वास जाणवतो. परंतु मोहरी, हिंग, कढीलिंब व मिरचीची फोडणी आणि थोडें आलें पडलें कीं दहींभात उत्तम होतो, आणि बेसन लावून केलेली कढीहि. श्रीखंडाच्या बाबतींत मात्र आम्ही हरलों, हें प्रांजळपणें सांगितलें पाहिजे.

या खटाटोपांत सौभाग्यवतींस त्यांची राजापूरकडची आजी आठवली. तिच्या घरीं तांदळाचे शिरवाळे नारळाच्या रसांत गूळ व वेलदोडा घालून होत. भातावर सोलकढी असे. त्यांत दुधाचा थेंब नसे आणि तो नाहीं असें कोणास वाटतहि नसे. आपण ज्याला नवें खूळ म्हटलें त्याचें निम्में सामान आपल्याच माजघरांत होतें! नारळाचा रस तेवढा खीर चुलीवरून उतरविल्यावर घालावा. उकळला तर फाटतो.

एक इशारा वाचकभगिनींस दिला पाहिजे. ब-१२ हें जीवनसत्त्व वनस्पतींपासून खात्रीनें मिळत नाहीं. अशा आहारांत त्याची गोळी घ्यावीच लागते. चुना मिळावा म्हणून नाचणी व तीळ रोजच्या जेवणांत असावे. शंभर ग्रॅम नाचणींत तो सुमारें ३५० मिलिग्रॅम असतो, तिळांत हजाराहून अधिक. लहान मुलांचें दूध डॉक्टरांच्या सल्ल्यावांचून तोडूं नये.

२०२४ च्या गणपतींत कन्या आली. बोलावणें तिच्या आईचें होतें. आम्हीं फक्त 'वाट पाहतों' असें खालीं लिहिलें होतें. पंचामृताविषयीं आमच्या मनांत धाकधूक होती; पण सौभाग्यवतींनीं देवाचें पंचामृत परंपरेप्रमाणेंच केलें, आणि कन्येनें त्याविषयीं अवाक्षर काढलें नाहीं. पानांत मोदक आला. इतरांच्या मोदकावर तूप पडलें, तिच्या मोदकावर नारळाचा रस. शेवटीं दहींभात वाढतांच तिनें आईकडे पाहिलें.

"शेंगदाण्याचें आहे," सौभाग्यवती म्हणाल्या. "विरजणसुद्धां मिरचीच्या देंठांचें. आणि सालें कोणीं काढलीं, तें तुझ्या बाबांना विचार."

तिनें आम्हांस कांहीं विचारलें नाहीं. घांस घेतला, थोडी थांबली, आणि म्हणाली, "आई, हें तुझ्या दह्यासारखें नाहीं लागत." आमचा चेहरा पडला असावा, कारण लगेच आमच्याकडे पाहून ती म्हणाली, "पण बाबा, चांगलें लागतें. आणखी वाढा."

आमच्या चहांत अजून दूध आहे, आणि तें सोडण्याचें धैर्य आम्हांस येईल कीं नाहीं तें सांगवत नाहीं. मात्र दूधवाल्याची घंटा वाजली कीं हल्लीं गोऱ्ह्याची आठवण होते. दाणे भिजत घालण्याचें काम आतां कायमचें आमच्याकडे आहे. एरवीं एक वाटी, आणि ती येणार असली म्हणजे दोन.