मंत्रचळ

'मंत्रचळ' हा शब्द आपण थट्टेनेच वापरतो. तीनतीनदा कुलूप ओढून पाहणाऱ्या काकांना तो चिकटवितो आणि हसतो. डॉक्टर ज्यास ऑब्सेसिव्ह कम्पल्सिव्ह डिसऑर्डर म्हणतात, तोच हा विकार. वयाच्या तेराव्या वर्षापासून तो आमच्या सोबतीस आहे, म्हणून चार शब्द लिहीत आहो.

आमचे बालपण खानापूर तालुक्यात गेले. तिकडचा पाऊस वाचकांस ठाऊक असेलच. १९९० च्या पावसाळ्यात एका रात्री घराची मातीची भिंत खचली आणि वडील तिच्याखाली गेले. आम्ही नऊ वर्षांचे होतो. त्यांच्यापासून दोन हातांवर निजलो होतो. पुढली चार वर्षे कोणास काही दिसले नाही. पोर सावरले, असे शेजारी म्हणत.

मग जपमाळेत अडखळणे सुरू झाले. 'नमो मरिये' म्हणताना एखादा शब्द घसरला तर माई मरेल, असे मनात येई. की पुन्हा पहिल्यापासून प्रारंभ. भिंतीस सात वेळा हात लावल्यावाचून निजणे नाही. हे सारे खुळचट आहे हे आम्हांस पुरते कळत होते, आणि तरी हात भिंतीकडेच जाई.

पापनिवेदनास आम्ही आठवड्यातून चारदा जाऊ लागलो. पुढे सेमिनरीत वाचले की, लोयोलाच्या संत इग्नेशियसचीही १५२२ साली मान्रेसा येथे हीच दशा झाली होती. निवेदिलेली पापे पुन्हा निवेदूनही शांती नाही. जीव देण्याचा मोहदेखील झाला. या पीडेच्या लॅटिन नावाचा मूळ अर्थ बारीक टोकदार खडा असा आहे. पायताणातला खडा! याहून चपखल नाव आम्हांस सुचत नाही.

आमच्या वृद्ध धर्मगुरूंनी अधिक प्रार्थना कर असे सांगितले नाही. (तसे सांगणारे पुष्कळ भेटले.) आमची परवानगी घेऊन ते माईशी बोलले आणि आम्हांस बेळगावला मानसोपचारतज्ज्ञांकडे घेऊन गेले. आघाताने विकार जागा होऊ शकतो, पण मुळाशी शरीराची घडणही असते, असे डॉक्टरांनी समजाविले. औषध दिले, गुण येण्यास दहाबारा आठवडे लागतील म्हणाले. शिवाय अभ्यास दिला : 'नमो मरिये' म्हणताना एक शब्द मुद्दाम चुकवायचा, दुरुस्त करायचा नाही, आणि भीती आपोआप ओसरेतो बसून राहायचे. भाविक वाचक दचकतील. आमचे धर्मगुरूही क्षणभर दचकले होते.

सर्वांत अवघड अभ्यास मात्र माईच्या वाट्यास आला. रोज रात्री आम्ही विचारीत असू, "माई, तुला काही होणार नाही ना?" ती म्हणे, "नाही रे राजा." पुन्हा प्रश्न, पुन्हा उत्तर; तीसचाळीस वेळा. डॉक्टर म्हणाले, हे उत्तरच आजाराचे खाद्य आहे. ते बंद करा. विधवा आईने घाबरलेल्या लेकरास उत्तर नाकारायचे! पहिल्या रात्री ती पदर तोंडात धरून चुलीपाशी बसून राहिली. आम्ही रडलो, ओरडलो, तिला निर्दय म्हटले. पहाटे केव्हातरी डोळा लागला. अकराव्या की बाराव्या रात्री प्रश्न ओठांवर आला, आणि तो आम्हीच गिळला.

पुढे औषध पुष्कळ वर्षे बंद होते. २०१९ च्या ऑगस्टात बेळगाव जिल्ह्यात पूर आला, घरे पडली, आणि पडक्या भिंतींमधून हिंडताना खडा पुन्हा टोचू लागला. त्याच महिन्यात आम्ही डॉक्टरांकडे गेलो. गोळी सध्या चालू आहे.